बिननावाची मुळी

उर्वशीचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. राजूनं, म्हणजे माझ्या मुलानं, फोनचा आवाज मोठा करून तो सुपाजवळ ठेवला. कानाला चिकटवून बोलणं मला जमत नाही.

"आजी, मागल्या आठवड्यात मी डब्यातून मुळी नेली ना, त्या डब्यातली आणखी कोणाले दिली का तू?"

"कशी आहे, जेवली का, काहीच नाही. एकदम पोलिसावानी चौकशी. नागपूरले राहून हेच शिकली का व?"

"आजी, पहिले सांग. दिली का?"

पोरीचा आवाज कापत होता. माझी नात भित्री नाही. लहानपणी विंचू चावला तरी ही रडली नव्हती, विंचवालाच शिव्या देत होती.

"दिली. त्यातली पहिली वाटी आज पहाटेच एका बाईले दिली. पोटुशी आहे बिचारी. डोळे हळदीवानी झालेले. का?"

ती म्हणाली, "बाबाले दे फोन."

"मले सांग. औषध मी देतो, तुया बाप नाही देत."

"आजी, ती मुळी ती नाहीच. दिवाळीत तू दिली ते झाड वेगळं होतं, हे वेगळं आहे. मी दोन्हीचे पातळ काप करून दुर्बिणीखाली पाहिले. आतली ठेवणच एक नाही. रसायन टाकून तपासलं तर नव्या मुळीच्या अर्काले जांभळा रंग आला. लिव्हर खराब करणाऱ्या विषाले येते तसा. मी वाटीतल्या पेशींवर थेंब टाकून ठेवला होता. आज येऊन पाहिलं तर सगळ्या मेल्या."

या पेशींची मला माहिती होती. दिवाळीनंतर तिनं मला तिची प्रयोगशाळा दाखवली होती. काचेच्या चपट्या वाट्या, त्यात लालसर पाणी, आणि त्या पाण्यात म्हणे काळजाजवळच्या यकृताचे जिवंत कण. दुर्बिणीतून पाहिलं तर फरशीला फरशी लावावी तसे एकाला एक चिकटून बसलेले दिसले. मी तेव्हा म्हणाले होते, "माया औषधानं हजारो लोक उठून बसले, तू ह्या पाण्याले काय विचारून राहिली?" ती हसून म्हणाली होती, "आजी, तुया औषधाचा गुण आहे का नाही, ते मले अजून सांगता येत नाही. वेळ लागते." मला राग आला होता. माझं औषध, आणि तिला सांगता येत नाही!

आता तिला सांगता येत होतं.

"त्या बाईले फोन कर आजी. राहिलेलं पिऊ देऊ नको. लगेच दवाखान्यात जायला सांग. तिचं लिव्हर आधीच सुजलेलं आहे, त्यात पोटात लेकरू. कोण आहे ती? कोणत्या गावची?"

सुपातली तूर मी तशीच धरून बसले. तिचं नाव मला माहीत नव्हतं. गावही माहीत नव्हतं. आणि माहीत नसणं हाच आमच्या औषधाचा नियम होता.

माझ्या सासूनं मला हे औषध दिलं, तिला तिच्या सासूनं. सौंसरच्या अलीकडे आमचं घर आहे, संत्र्याच्या बागेला लागून. पण लोक पार पांढुर्ण्याहून येतात. रविवार आणि बुधवार, सूर्य उगवायच्या आत. येणाऱ्यानं फाटकात शिरल्यापासून बोलायचं नाही. पूर्वेकडे तोंड करून बसायचं. मी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, जात तर नाहीच. विचारलं की औषध बाटतं. वाटीतलं पिऊन झालं की पुढच्या सकाळच्या पुड्या पदरात घ्यायच्या आणि मागं न पाहता निघायचं. 'येतो' म्हणायचं नाही. दिवे लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बरं झाल्यावर नारळ घेऊन आलं तरच मला कळतं की हा अमक्याचा अमुक होता.

जसं माणसाचं नाव नाही, तसं झाडाचंही नाही. मुळी खणली की झाडाचं डोकं तिथंच शेतात तोडून ठेवायचं. घरात नुसती मुळी आणायची, म्हणजे कोणी पान पाहून ओळखू नये. नाव उच्चारलं की गुण गेला. नत्थूजी, माझे मालक, शेवटपर्यंत विचारत राहिले. त्यांनाही सांगितलं नाही.

आज पहाटे ती आली तेव्हा चांगलंच धुकं होतं. मोटरसायकल फाटकाबाहेर थांबली, माणूस तिथंच उभा राहिला. बाई आत आली. मोठं पोट, एक हात कमरेवर, हिरवी साडी, वरून नवऱ्याचं स्वेटर. बसताना तिनं भिंतीला धरलं. मी वाटी दिली. तिनं एका दमात पिऊन टाकली, तोंडही वाकडं केलं नाही. मला बरं वाटलं. मग मी नेहमीप्रमाणं, तिच्याकडे न पाहता, फाटकातल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात नियम बोलून टाकले. दिवे लागेपर्यंत मुकं राहायचं. घरात फोनची कटकट ठेवायची नाही. उलटी झाली तर घाबरायचं नाही, पित्त पडून राहिलं समजायचं.

उलटी झाली तर घाबरायचं नाही. हे मीच सांगितलं होतं.

"राजू," मी म्हणाले, "मुळी तू कुठून खणली?"

गुडघ्यानं दगा दिल्यापासून मी बांधापर्यंत जाऊ शकत नाही. दिवाळीतली मुळी माझ्याच हातची, जुनी होती; यंदा नव्या मुळीसाठी पहिल्यांदा राजूला पाठवलं होतं.

"तू सांगतली तिथूनच. कवडूभाऊच्या विहिरीच्या बांधावर, बोरीपासून आपल्या बाजूनं. तिथी एकाच जातीचं झाड उभं होतं, दाट."

"बांध तसाच आहे का?"

"तसा कुठचा? कवडूभाऊनं पाइप टाकला पावसाळ्याच्या आधी. जेसीबीनं सगळा उकरला, बाहेरची माती आणून टाकली."

"हे तू मले आता सांगून राहिला?"

"तू विचारलंच नाही, माय."

"झाडाचं डोकं कसं होतं? पान कसं होतं?"

राजू आठवू लागला. पन्नाशीचा माणूस, पण माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा होता. "वाळून गेलं होतं बरंचसं. पिवळं फूल एखादं. शेंगा होत्या फुगीर. तोडताना हात लागला का वाजत होत्या."

"कशा वाजत होत्या?"

"खुळखुळ."

फोन अजून चालूच होता. तिकडून उर्वशीचा श्वास ऐकू आला. इकडे मी हातातली तूर सुपात टाकली.

"बावा, खुळखुळा आणला तू मले! ढोरंही सोडून देतात त्याले!"

"मले काय माहीत, औषध खुळखुळ्याचंच असते का कशाचं?" राजू पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "जागा सांगतली, नाव सांगतलं का तू? कधी सांगतलं? नाव सांगतलं असतं तर शेंबडं पोरगंही चुकलं नसतं!"

मी पायात चपला घातल्या.

राजूनं मोटरसायकल काढली, पण कुठं जायचं? आमच्या फाटकातून डावीकडे रामाकोना, उजवीकडे सौंसर, पुढे मोहगाव, आणि मधली ती सगळी गावं. आणि पहाटे धुकं होतं, गाडी कुठं वळली ते कोणी पाहिलं नव्हतं. राजू म्हणाला, "कोणाले विचारू? पिवळी बाई पाहिली का म्हणून?"

मी त्याला सौंसरच्या चौकात न्यायला लावलं; बुधवारी तिथं गर्दी असतेच. चौकात भैय्याजीचा ऑटो उभा होता, टपावर दोन भोंगे बांधलेला. भैय्याजीचा धंदाच तो. साड्यांचा सेल, कुस्त्यांची दंगल, हरवलेली म्हैस, सगळं त्याच्या तोंडून सौंसरला कळतं. तेव्हा तो साड्यांवर होता. दोन घ्या, एक फुकट.

"भैय्याजी, माईक दे," मी म्हणाले.

"काय व मावशी, तुह्या औषधाचाही सेल लावला का?"

शेजारचे दोघेतिघे हसले. एरवी मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी मी नुसता हात पुढे केला. माझं तोंड पाहून तोही हसायचा थांबला.

राजूनं मला बाजूला घेतलं. "माय, ऐक. मी बोलतो. असं म्हणू, औषध बदलून देणं आहे, उरलेल्या पुड्या परत घेऊन या. सगळं जगाले सांगायची काय गरज आहे? उद्यापासून कोणी ओट्यावर चढणार नाही."

वाईट म्हणत नव्हता तो. मलाही क्षणभर तसंच वाटलं. एवढ्या वर्षांचं नाव, भोंग्यावरून पुसायचं? पण मग मला ती भिंत धरून बसलेली दिसली. पुड्या बदलायच्या म्हटलं तर तिचा माणूस म्हणेल, जाऊ रविवारी. आणि ती मुकाट्यानं घरात पडून राहील, दिवे लागायची वाट पाहत.

मी माईक घेतला.

"मी शकुबाई. नत्थूजीची बायको. कावीळचं औषध देणारी. आज पहाटे एक पोटुशी बाई माया ओट्यावरून औषध पिऊन गेली. हिरवी साडी, वरून माणसाचं स्वेटर. तिच्या वाटीत चुकीची मुळी गेली. विष गेलं. चूक मायी आहे. बाई, तू कोठीही अस, पुड्या फेकून दे आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाय. तोंड उघड. मुकी राहू नको. तिले कोणी ओळखत असन तर पळा रे बाप्पा, पळा!"

भोंग्यातून माझाच आवाज समोरच्या दुकानांवर आपटून परत आला. विष गेलं. विष गेलं. चौकातले लोक माझ्याकडे पाहत होते. एक बाई, जिच्या दोन पोरांना मीच बरं केलं होतं, तिनं पोराचा हात धरून त्याला मागं ओढलं. जसं काही मी हात लावला तर त्याला काही होणार होतं.

कोणी पुढं आलं नाही. सौंसरमध्ये ती नव्हती.

"रामाकोना घेऊ," भैय्याजी म्हणाला. साड्यांचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. मी ऑटोत बसले, राजू मागून गाडीवर. वाटेत दर वस्तीला भैय्याजी वेग कमी करायचा आणि मी तेच बोलायची. घसा बसला. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, झाडांखाली ट्रॅक्टर, तोड चालू. पाट्या भरणाऱ्या बाया उभ्या राहून ऐकायच्या आणि एकमेकींकडे पाहायच्या. मला प्रत्येक हिरवी साडी तीच वाटायची. एकदा तर मी ऑटो थांबवला. ती दुसरीच निघाली, धडधाकट. मला म्हणाली, "आजी, असं कसं केलं व तुम्ही?"

उर्वशीचा सारखा फोन येत होता. "सापडली का?" एवढंच. ती प्रयोगशाळेतून निघून बसमध्ये बसली होती, हातात त्या अर्काची बाटली घेऊन, की डॉक्टरांना दाखवायला लागेल. मी तिला विचारलं, "हे विष चढायले किती वेळ लागते व?" ती म्हणाली, "आजी, मले खरंच माहीत नाही. पेशींचं माहीत आहे, माणसाचं नाही." मला त्यापेक्षा तिनं खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं.

रामाकोन्याच्या अलीकडे शेतातल्या खांबावर एक लाइनमन चढलेला होता. कमरेला पट्टा बांधून तारेचं काही करत होता. आम्ही खालून गेलो, भोंगा चालूच होता. थोडं पुढं गेल्यावर मागून राजूचा हॉर्न ऐकू आला, एकसारखा. भैय्याजीनं ऑटो थांबवला.

लाइनमन खाली येत होता. उतरत नव्हता, घसरत होता. खाली पाय टेकल्यावर पट्टा सुद्धा न सोडता तो आमच्याकडे धावला, आणि पट्टा खांबाला अडकलेला असल्यानं मागं ओढला गेला, पडला, उठला.

मी त्याचं तोंड पहाटे पाहिलं नव्हतं. पण त्यानं माझं पाहिलं होतं.

"आजीबाई, काय बोलून राहिल्या तुम्ही? कोणतं विष?"

"तुयी बायको कोठी आहे?"

"घरी. मोहगावले. आई आहे जवळ." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मघा आईनं शेजाऱ्याच्या फोनवरून सांगतलं, दोनदा उलटी झाली. आई खूश होती. म्हणे औषध लागू पडलं. मी... मी मिठाई आणतो म्हणलं."

त्यानं घरी फोन लावला. बंद. माझ्याच नियमानं बंद. शेजाऱ्याला लावला, तो बाजारात निघून गेलेला.

त्याचं नाव सुमेध. हे मला नंतर राजूच्या तोंडून कळलं. तो राजूच्या गाडीवर पुढं गेला, माझा ऑटो मागं. एवढा लांब तो रस्ता मला कधी वाटला नव्हता. ऊन भिंतींवर तिरपं पडलं होतं. मी एरवी देवाला फार त्रास देत नाही, पण त्या ऑटोत मी त्याला म्हणाले, माझं घे, माझे गुडघे घे, डोळे घे, जे उरलंय ते घे.

घर लहानसं, स्वच्छ. दारात बाबासाहेबांची तसबीर, खाली चपलांची रांग. सुमेध आत होता. त्याची आई मालती दारातच मला आडवी आली.

"बाई, तुम्ही कायले आल्या? मागं वळून पाहायचं नसते ना? औषध बाटन ना आमचं!"

"बाटू दे. सरक."

"सरक कशी? पोरगी माही पक्की आहे. सकाळपासून हू नाही का चू नाही. उलट्या झाल्या, पोट धरून पडली, पण तोंड उघडलं नाही तिनं. आता दिवे लागायले किती वेळ राहिला?" ती अभिमानानं सांगत होती. डोळ्यांत पाणीही होतं.

खाटेवर ती कुशीवर पडली होती. पदराचं टोक दातांत धरलेलं. सुमेध तिच्या डोक्याशी बसून म्हणत होता, "बोल ना, अव बोल ना, काय होऊन राहिलं?" ती मान हलवून नाही म्हणायची आणि भिंतीवरच्या उन्हाकडे बोट दाखवायची. अजून ऊन आहे. अजून बोलायचं नाही.

तिनं मला पाहिलं आणि घाबरून डोळे मिटून घेतले. माझ्याकडे पाहिलं तर गुण जाईल म्हणून.

मी खाली बसले. गुडघा कडकन वाजला. तिचा हात धरला. थंड आणि ओला होता. मला माझ्याच तोंडून ते विचारायचं होतं जे मी कधीच कोणाला विचारलं नव्हतं.

"नाव काय तुयं?"

तिनं डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"बाई, नियम मीच सांगतला, मीच मोडून राहिली. औषध गेलं खड्ड्यात. नाव सांग."

पदर दातांतून सुटला.

"स्नेहा."

"स्नेहा, कुठी दुखते?"

आणि मग ती रडली. सकाळपासून दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आजी, बाळ हलून नाही राहिलं. उलटी झाल्यापासून नाही हललं. रोज लाथा मारते. आज नाही. मले सांगायचं होतं, सांगता नाही आलं."

मालतीबाई भिंतीला टेकून खाली बसली. सुमेध उभाच राहिला.

ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता आम्ही तिला भैय्याजीच्या ऑटोत घातलं, भोंगे डोक्यावर, डोकं मालतीबाईच्या मांडीवर. तिचा एक हात मी सोडला नाही. सारा रस्ता मी तिला बोलतं ठेवलं. माहेर कोणतं, बहिणी किती, डोहाळे कशाचे होते. ती थांबली की मी नाव घेऊन हाक मारायची. स्नेहा. व स्नेहा. मला वाटायचं, नाव सुटलं तर तीही सुटेल.

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं आणि मला विचारलं, "काय दिलं होतं?"

"मुळी."

"कशाची मुळी? नाव सांगा."

माझ्या सासूचा चेहरा समोर आला. तिनं मरताना कानात सांगितलेलं नाव. त्या नावाला मी ओठ कधी लावले नव्हते.

"द्यायची होती सरफोक्याची. शरपुंखा म्हणतात ते. दिली गेली खुळखुळ्याची. सकाळी, एक वाटी, ताकात घोटून. दोनदा उलटी झाली."

कोपऱ्यात राजू उभा होता. त्यानं ते नाव पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. "सरफोका?" तो पुटपुटला. "तो तर आपल्या खळ्यामागंही आहे, माय."

डॉक्टरीणबाईंनी पोटावर एक लहान यंत्र फिरवलं. नुसती घरघर. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. स्नेहा छताकडे पाहत होती.

मग घरघरीच्या तळातून ते आलं. बारीक, घाईघाईचं. घोडं दूर कुठंतरी पळत असावं तसं.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इथं ठेवता येणार नाही. नागपूरला न्या."

राजूनं फोन केल्यावर उर्वशी वाटेतूनच परत फिरली होती; नागपूरला ती दवाखान्याच्या दारात उभी होती, बाटली हातात. ती मला एक शब्दही वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलली, मुळीचे फोटो दाखवले, कोणतं विष ते सांगितलं. मी बाकावर बसून तिचं तोंड पाहत होते. डॉक्टर मान हलवतात की नाही, एवढंच मला कळत होतं.

स्नेहा जगली. लेकरू वेळेच्या आधी आलं, मुलगी, ओंजळीएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता आईच्या अंगावर पिते. डॉक्टर म्हणाले, काविळीनं किती केलं आणि मुळीनं किती, हे वेगळं करून सांगता येत नाही. सुमेधनं माझ्याविरुद्ध कुठं काही लिहून दिलं नाही. पण तो माझ्याशी बोलतही नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मालतीबाई एकदा येऊन पोरीला दाखवून गेली. मी तिला मांडीवर घेतलं. तिनं मूठ हलवली आणि खुळखुळ ऐकू आलं. तिच्या हातात कोणीतरी प्लास्टिकचं वाजणारं खेळणं दिलं होतं. मी ते हळूच काढून बाजूला ठेवलं.

डब्यातल्या सगळ्या मुळ्या मी उर्वशीला दिल्या. सरफोक्याचं एक झाड डोक्यासकट, पानांसकट, शेंगांसकट उपटून दिलं, नाव सांगून. ती म्हणाली, "आजी, हे तपासायले वर्षं लागतील." मी म्हणाले, "लागू दे. तोपर्यंत मी कोणाले देत नाही." हे म्हणताना मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

तरी लोक येतात. भोंग्यावरून सांगितलेलंही सगळ्यांपर्यंत पोचत नाही. परवा, बुधवारी, उजाडायच्या आत फाटक वाजलं. लांबच्या गावचा कोणी माणूस, डोळे पिवळे, न बोलता ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसला. मला पुन्हा तेच धुकं दिसलं, तीच हिरवी साडी. मी दारातच थांबले.

मग बाहेर आले आणि त्याच्या समोर बसले.

"नाव काय तुयं? गाव कोणतं?"

तो दचकून उठला. मोठ्या तिरस्कारानं माझ्याकडे पाहिलं, एवढ्या लांबून आलो आणि बुडीनं औषध बाटवलं म्हणून. निघायला लागला.

मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"नाव सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही," मी म्हणाले. "राजू, गाडी काढ. याले रक्त तपासायले न्यायचं आहे."